बाबांनी मला रक्ताबद्दल विचारलं तेव्हा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळही नाही — तिच्याजवळ तर नाहीच. आता तुमच्याजवळ बोलतोय, तेही चाचरतच.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. दरवर्षी एक तास असा येतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाईल खाली ठेवतात. लक्षावधी वर्षांपूर्वी काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरले, थेट बीजपेशींत घुसले आणि लेकराबाळांतून उतरत आले. आज ते तुमच्या-माझ्यात, सगळ्यांत आहेत. बहुतेक निपचित पडलेले. काहींचा रोगांशी संबंध असावा अशी शंका आहे. आणि एकाची देणगी तर अशी, की तिच्यावाचून आईच्या पोटात बाळाला पोसणारी वारच नीट तयार होत नाही. शुद्ध रक्त म्हणून मिरवावं असं कोणाकडेच काही नाही — हे वाक्य मी खास जोर देऊन म्हणतो. मुलं खूश होतात. मी मात्र त्या दिवशी स्टाफरूममध्ये न थांबता घरी निघून जातो.

का? सांगतो.

माझी धाकटी बहीण शालू. अकोल्याला डी.एड. करत असताना तिचं एका मुलावर मन जडलं. मुलगा बौद्ध, सरकारी नोकरीतला, शांत. आम्ही दर्यापूरकडचे शेतीवाले. महिनाभर घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मग बाबांनी त्याला घरी बोलावलं आणि — काय सांगू — त्यांना तो आवडला. तो गेल्यावर म्हणाले, "पोरगा तं सोन्यासारखा हाये." मग माझ्याकडे वळले. मी तेव्हा नुकताच कॉलेजात लागलो होतो. "तू शिकेल माणूस. मले एकच सांग, रक्ताचं काही राह्यते काय? पुढं लेकरायले तरास?"

बाबा विचारत होते. खरोखर विचारत होते. माझा एक 'नाही' पुरला असता.

पण त्याच आठवड्यात मी मुलगी पाहून आलो होतो. मोठं घराणं, होकार आल्यात जमा. बहिणीचं असं लग्न झालं तर ते लोक मागे सरतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तीच मुलगी आज माझी बायको आहे.

मी म्हणालो — धोका आहे. जुने विषाणू रक्तात दडलेले असतात, प्रत्येक समाजाचे निराळे. दोन रक्तं मिसळली की लेकरांत जागे होतात. धडधडीत खोटं! सगळ्यांत आहेत म्हणून ज्यांच्यावर मी वर्गात भाव खातो, तेच हे विषाणू. स्वयंपाकघराच्या दारात शालू उभी होती. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "खरंच काय, दादा?" मी होकाराची मान हलवली.

बाबांना तिला अडवावं लागलंच नाही. तिनेच त्या मुलाला नकार दिला, जन्मालाही न आलेल्या लेकरांच्या काळजीने. कारणही सांगितलं, माझ्या नावासकट. तो सायन्सचा पदवीधर. खोटेपणा त्याला तिथेच कळला असणार. पण त्याने वाद घातला नाही म्हणे. आपल्या रक्ताचा दाखला माणसाने कोणाला कशासाठी द्यावा?

शालू मोर्शीला दिली. नवरा वाईट नाही — आणि असता, तरी तिने मला बोल लावला नसता. उलट ती आल्यागेल्याला सांगते, दादा होता म्हणून निभावलं. मी समोर बसून ते ऐकतो. ऐकून चहा पितो. कसा पितो, तुम्हीच सांगा.

परवा भाचीचा फोन आला. तिचंही जमलंय, जातीबाहेर. "मामा, आई म्हणते अशानं लेकरायले तरास होते. तुमीच सांगतलं होतं म्हणे. खरं हाये काय?"

खोटं आहे, मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पोरगी केवढी आनंदली! "मंग आईले तुमीच सांगा नं, मामा. इथंच हाये. देऊ काय फोन?"

नको, म्हणालो. माझा तास आहे.

रविवार होता. फोन बंद करता करता पलीकडून शालूचा आवाज आला, "दादा हाये काय? तब्येत कशी हाये, इचार त्याले."