जिनिंगवरचा एकच रांजण

सोमवारी हे गेले. शाळेतून आले, खुर्चीत बसले, उठले नाहीत.

कपाट आवरताना त्यांची वही हाती आली. पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवण्याआधी ते स्वतः जाऊन पाहायचे आणि पाहिलेलं लिहून ठेवायचे. नफ्याचा आकडा सगळ्यात शेवटी. सोनपेठजवळच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग सोसायटीचं पान मी बराच वेळ उघडं ठेवून बसले. यांचे थोरले भाऊ तेव्हा तिथे संचालक होते. आमची शिल्लक त्यांना शेअर्ससाठी हवी होती.

पानावर लिहिलं होतं: शेजारच्या शेतातल्या झाडांवर कापसाचे तंतू नाहीत, म्हणजे धूळ बाहेर सोडत नाहीत. बायकांची मजुरी दर आठवड्याला हातात. सभेच्या इतिवृत्तात विरोधी मतंही नोंदवलेली, म्हणजे सभा खरोखर होते. आणि खाली रेघ मारून: ‘सगळ्यांना मिळून एकच रांजण.’ विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. गावोगाव माणसं समोर कोण आहे ते बघून बोलत. त्या एका ओळीवर यांनी भावाला पैसे गुंतवायचा शब्द दिला.

पुढे एकदा भाऊजींकडे जाताना मी जिनिंगवर थांबले. जेवणाची सुट्टी होती. काही बायका रांजणापासून लांब, लिंबाखाली बसलेल्या. प्रत्येकीजवळ पाण्याची चरवी.

“रांजण असताना हे ओझं कशाला?” मी विचारलं.

“त्याला आमी शिवत न्हाई, बाई.”

“कुणी मना केलंय?”

“मना कशाला करतेत? कळतंय की आमाला.”

दुसरी हसली. “गुरुजी आलते वही घिऊन. रांजन मोजून गेले. आमाला कुठं इचारलं?”

घरी आल्यावर मी हे सांगितलं. यांनी ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, ‘विचारायचं राहिलं.’ आणि भाऊजींकडे जाऊन शब्द मागे घेतला. मीही सोबत होते.

“शेअर घ्यायलास का सोयरीक जुळवायलास?” भाऊजी म्हणाले. “लोक भाव बघतेत, तू पाणी बघायलास!”

“दादा, त्या बायकांना एकदा तुमच्या हातानं त्याच रांजणातलं पाणी द्या. मी पैसे घेऊन येतो.”

भाऊजी उठून आत गेले. चहा आलाच नाही.

मी बोलले नसते तर भाऊ तुटला नसता, असं कधी कधी मनात येतं. यांनी तसं कधी म्हटलं नाही.

हे गेल्याचा निरोप पाठवला होता. भाऊजी आले नाहीत. शिल्लक पोस्टात आहे. जिनिंगवरच्या त्या बायका अजून पाणी घरूनच आणतात.