परातीतली मेथी

गुंडू चौगुले शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे करायचा. बावीस वर्षं त्यानं वाळू चाळली, वाळू भिजवली, वाळू ठोकली. आमच्या गावात वाळू कळणारे दोघेच, एक गुंडू आणि दुसरी पंचगंगा. पंचगंगा निदान पावसाळ्यात तरी बोलायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात त्याच्या बायकोला, तानाबाईला, कावीळ झाली. कावीळ उतरली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी दिसली की ती भिंतीकडं तोंड फिरवी. भाद्रपद संपत आला तशा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "बारा दिवस बघू. खायला लागली नाही, तर आणून ॲडमिट करा."

त्या संध्याकाळी तानाबाई म्हणाली, "अवो, म्हायारात आमी नदीच्या वाळूत मेथी टाकायचो. दोन पानं फुटली की तशीच कच्ची खायाची. तेवढी खाऊ वाटती बगा."

वाळू म्हटल्यावर गुंडूला कुणाला विचारायची गरज नव्हती. फौंड्रीतली काळीभोर, मुठीत दाबली की लाडू होणारी वाळू त्यानं डब्यातून आणली. परातीत मेथी पसरली, वर वाळू घातली आणि हाताच्या सवयीनं चोपून गुळगुळीत केली. चार दिवस गेले. काहीही उगवलं नाही.

त्याच्या म्हाताऱ्या आईनं, बायडाबाईनं, परातीवर बोट वाजवून बघितलं. "गुंड्या, हिच्यात आता लोखंड वत. पंपाचं झाकाण तरी निगंल."

गुंडूनं परात रिकामी केली. सायकल काढून नदीवर गेला, पिशवीभर वाळू आणली, सात पाण्यांनी धुतली. परत मेथी टाकली, पण या वेळी वाळू चोपली नाही. हात मागं बांधून उभा राहिला. उकळून गार केलेलं पाणी रोज शिंपडायचा. मेथीनं मान वर काढली तेव्हा घरात घट बसले होते.

पेरल्यापासून सातव्या दिवशी परात हिरवीगार झाली. दोन-दोन पानं, बोटभर उंची. पण ती पाचवी माळ होती. आणि चौगुल्यांच्या घरात घट उठेपर्यंत हिरवं कापायचं नाही, खुडायचं नाही, उपटायचं नाही. दसऱ्यापर्यंत थांबावं तर मेथी निबर होणार, आणि डॉक्टरांनी दिलेल्या बारांतला एकच दिवस उरलेला.

तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. गुंडू परात घेऊन आईसमोर उभा राहिला. "आई, कसं करायचं?"

बायडाबाईचा नऊ दिवसांचा उपास होता. ती घटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हस नवरात्रात उपाशी ऱ्हाती व्हय रं?"

"न्हाय."

"आन रानात जाताना इळा घिऊन जाती?"

"न्हाय की."

"मग धर परात हिच्या तोंडाम्होरं. हात लावू नगंस पोरी, नुसतं तोंड घाल."

तानाबाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग सासूकडं. दोघंही हसत नव्हती. तिनं पदर मागं सारला, मान खाली घातली आणि पहिला घास वरच्या वर दातानं तोडला. मग दुसरा. गुंडूनं परात हळूहळू फिरवली. साचा फिरवावा तशी, न हलवता. एक कड साफ झाली, दुसरीला सुरुवात झाली.

तानाबाईनं मान वर केली. हनुवटीला वाळू लागली होती.

"जरा मीठ द्या की," ती म्हणाली.

गुंडूचे दोन्ही हात परातीला होते. मीठ आणायला बायडाबाईच उठली.