ओसरीचा दर, दीड रुपया

रविवार, २८ जानेवारी १९६८. राहण्यासाठी मंजूर रक्कम रोज सात रुपये, त्यांत माझे पाच आणि मिस्त्रींचे दोन. हजर तिघे: मी, मिस्त्री आणि लॉजचा मालक. ठिकाण भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला, मिठाच्या गोदामावरचा माळा.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका लहान कारखान्यात हिशेबनीस होतो. कारखाना डिझेलची इंजिने बनवायचा. त्यांतले एक, पंपासकट, मोरवा गावाजवळच्या एका मिठागराला विकले होते. करार असा होता की अमावास्येच्या उधाणाला, खाडीचे पाणी तळ्यात भरले की ते वरच्या वाफ्यांत चढवायचे. इंजिन तीन दिवस, रोज चार तास, न थांबता चालले तर बाकीचे अठराशे पन्नास रुपये मिळणार. इंजिन चालवायला मिस्त्री, पैसे ताब्यात घ्यायला मी.

मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बावन्न-त्रेपन्नचे. ओतकामाच्या धुराने छाती खराब झालेली. आम्ही निघालो तेव्हा त्यांच्या पत्नी स्टँडवर आल्या होत्या. त्या मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, थंडीत त्येंची छाती धरती. रातीच्याला वाऱ्यात निजू देऊ नका."

"लॉजमध्ये उतरणार आहोत वहिनी. खाट असते तिथे," मी म्हणालो.

लॉजची शिफारस मिठागराच्या मालकाने पत्रातून केली होती. 'स्टेशनजवळ, स्वच्छ, हवेशीर.' यांतले पहिले आणि शेवटचे खरे निघाले. खाली गोणपाटात भरलेले मीठ थप्पीला लावलेले. बाहेरून लाकडी जिना. वर एका खोलीत पाच खाटा, खाटांच्या पायांखाली ढेकणांसाठी रॉकेलचे डबे. खोलीच्या पुढे खाडीच्या बाजूची उघडी ओसरी, तिला किंतानाचा पडदा. प्यायचे गोडे पाणी माणशी एक तांब्या. बाकी सगळे विहिरीचे, खारट. चहासुद्धा त्याच पाण्याचा असावा, कारण साखर घातली तरी तो आधी खारट लागायचा आणि मग गोड.

लॉजवाला मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलायचा. "खाट साडेतीन. ओसरी दीड. ओसरीवर चटई फ्री. बोलो सेठ, दो खाट?"

दोन खाटांचे सात झाले असते. मंजूर रक्कमही सातच होती. हे गणित त्या जिन्यात उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आले होते. आले नव्हते असे मी आज म्हणणार नाही.

पण माझ्या रकान्यात पाच आणि मिस्त्रींच्या रकान्यात दोन होते. माझ्यातले दीड उरत होते, त्यांच्यात दीड कमी पडत होते. एका माणसाच्या रकान्यातली रक्कम दुसऱ्याच्या रकान्यात नेली की व्हाउचर खोटे होते, असे मी अकरा वर्षे मानत आलो होतो. आदल्याच वर्षी एका फिरत्या विक्रेत्याचे व्हाउचर मी याच कारणावरून परत पाठवले होते. त्याला जे नाकारले ते स्वतः करायचे कसे?

"एक खाट. आणि एक ओसरी," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. "बरं झालं," ते म्हणाले. "आत ढेकणांची चाळ हाय. भाईर निदान भाडेकरू कमी."

पहिल्या सकाळी त्यांची गोधडी पिळण्याइतकी ओली होती. खाडीवरचे दव पडद्यातून आत येत होते, आणि ओसरीच्या फळ्याही खालच्या मिठामुळे ओलसर. मी त्यांना विचारले, झोप लागली का. ते म्हणाले, "लागली की. भाऊसाहेब, एक करा. तुमच्या रकान्यात ढेकूण किती चावले आन् माझ्यात डास किती, ते बी मांडा. मालकाला कळू द्या कोण फायद्यात ऱ्हायलं."

मी हसलो. मला तो विनोदच वाटला.

सोमवारी भर दुपारी भरती आली. इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झाले. मिठागराचा मुकादम मोरव्याचाच, काळा, काटक, कमरेला फक्त रुमाल. तो बांधावर बसून चार तास पाणी चढताना पाहत राहिला. मध्येच मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. त्यांनी एक हात इंजिनावर ठेवूनच खोकून घेतले.

मुकादमाने मला विचारले, "यो मानूस कुठं निजला व्हता?"

मी सांगितले.

"ओसरीव?" तो उठूनच उभा राहिला. "अरं, खाडीचा वारा हाय त्यो. आमी जन्मलो हितं, आमी पन भाएर न्हाय निजत या दिसांत." मग मिस्त्रींकडे वळून, "मिस्त्री, चल माज्या घरा. मोरव्यान. चुलीम्होरं निज. माजी बायको बोंबलाचा कालवन करंल. पैसं न्हाय लागत."

मिस्त्री माझ्याकडे बघू लागले. त्या बघण्यात जायची इच्छा स्पष्ट होती.

मी नको म्हणालो. चाचणी चालू होती, आणि चाचणी पास झाली की नाही हे मालकाला सांगणारा हाच मुकादम. त्याच्या घरी आमचा माणूस जेवला, झोपला, तर उद्या कोणीही म्हणू शकले असते की चाचणी चुलीपुढे ठरली. हे मी मुकादमाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"तुमी लय शिकलेलं हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा बांधावर जाऊन बसला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

मंगळवारी सकाळी मिस्त्रींना ताप होता. कपाळाला हात लावून पाहायची गरज नव्हती, डोळ्यांत दिसत होता. स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या, छाती ऐकली आणि विश्रांती सांगितली. फी तीन रुपये. ती मी 'किरकोळ'मध्ये धरली. औषधपाण्याला तो रकाना होता.

इंजिन मला चालवता येत नव्हते. दुसरा माणूस कोल्हापुराहून यायला दीड दिवस, तोवर उधाण ओसरले असते आणि पुढची चाचणी पौर्णिमेला. "जमेल का?" मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "जमवायलाच आलोय नव्हं." त्या दुपारी कडक ऊन होते. आम्ही बाकीचे डोक्याला रुमाल बांधून घाम पुसत होतो आणि ते इंजिनाच्या गरम पाण्याच्या टाकीला पाठ लावून, गोधडी पांघरून बसले होते. दर पंधरा मिनिटांनी उठायचे, तेल बघायचे, पुन्हा पाठ टेकायचे. चार तास इंजिन एकदाही थांबले नाही.

संध्याकाळी लॉजवर परतल्यावर मी लॉजवाल्याला विचारले की ओसरीचा माणूस आजच्यापुरता आत घेशील का. "साडेतीन," तो म्हणाला. मी म्हणालो, दीड दिलेत, वर पन्नास पैसे देतो. मिस्त्रींच्या रकान्यात तेवढेच होते. तो म्हणाला, "सेठ, ये भाजी मार्केट नाय." खोलीत दोन खाटा रिकाम्या होत्या. त्या रात्रभर रिकाम्याच राहिल्या.

मग मी मिस्त्रींना म्हणालो, "तुम्ही माझ्या खाटेवर झोपता का? मी बाहेर झोपतो."

मी विचारले. दिली नाही. विचारणे आणि देणे यांत काय फरक असतो ते मला तेव्हा कळायला हवे होते, कारण आजारी माणूस, त्यातही हाताखालचा, विचारल्यावर होय म्हणत नाही.

"नको," ते म्हणाले. "पावती तुमच्या नावावर हाय. आन् एकच रात तर उरली." त्यांनी किंतानाचा पडदा स्वतःच्या बाजूला खेचून घेतला, चटईवर गोधडी घातली आणि वर माझी शाल. शाल मी दिली होती. ती सकाळी ओली होती.

बुधवारी तिसरी चाचणी पुरी झाली. मुकादमाने मिठागराच्या मालकाला एवढेच सांगितले, "इंजिन चोख हाय." डिमांड ड्राफ्ट माझ्या हातात पडला. इंजिन बंद करताना मिस्त्रींचा हात दांड्यावरून दोनदा घसरला, तेव्हा मुकादमाने तो स्वतः धरून खाली ओढला आणि त्यांना स्टेशनपर्यंत बैलगाडीतून पोचवले. गाडीचे भाडे मी काढले. त्याने घेतले नाही.

कोल्हापुरात पोचल्यावर मिस्त्री सरळ सरकारी दवाखान्यात गेले. न्यूमोनिया झाला होता. अकरा दिवस राहिले.

मी मात्र गुरुवारीच व्हाउचर लिहिले. लॉज: माझे तीन रात्रींचे साडेदहा, मिस्त्रींचे साडेचार. मंजूर एकवीस. शिल्लक सहा रुपये. सहा रुपये मी आमच्या कारखान्याच्या मालकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी व्हाउचर वाचले नाही, नोटा पाहिल्या.

"हे कसले?"

"लॉजचे उरले."

"मी दोघांना मिळून रोजचे सात धरले होते. दोन खाटांचे साधारण तेवढेच होतात." मग त्यांनी कागद जवळ घेतला आणि ओळी पाहिल्या. "दीड रुपयात खाट मिळाली मिस्त्रीला?"

"ओसरी."

त्यांनी रकान्यांवर बोट ठेवले. "हे वेगवेगळे रकाने कुणी पाडले?"

रकाने मी पाडले होते. मालकांनी मला प्रवासखर्चाचा नमुना तयार करायला सांगितला होता, तेव्हा मी फूटपट्टी घेऊन हुद्द्यांप्रमाणे रेघा मारल्या होत्या. त्यांनी त्यावर फक्त सही केली होती. नियम म्हणून मी जो पाळला, तो माझ्याशिवाय त्या कारखान्यात कोणाचाच नव्हता. मालकांनी सहा रुपये ड्रॉवरमध्ये टाकले आणि दुसरे काम काढले.

मिस्त्री परत कामावर आले, पण ओतकामाला उभे राहू शकले नाहीत. त्यांना दारावर बसवले, पगार निम्मा. मी समोरून गेलो की ते हाक मारायचे, "काय भाऊसाहेब, आज रकाने जुळले का?" त्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. चौदा महिन्यांनी, १९६९ च्या मार्चअखेरीस, ते गेले. डॉक्टरांच्या मते छाती आधीपासूनच संपलेली होती. भाईंदरच्या तीन रात्रींमुळे हे झाले असे कोणी म्हटले नाही. मीही म्हणत नाही. मला फक्त एवढे माहीत आहे की दोन खाटांचे सात होत होते आणि माझ्याजवळ सात होते.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. ओसरी आणि खाट यांतला फरक दोन रुपये, तीन रात्रींचे सहा. मालकांच्या ड्रॉवरमधले नव्हे, माझ्या पगारातले. ते वहिनींपुढे ठेवले.

"कशाचं ओ भाऊजी?"

"खाटेचे."

"कंच्या खाटंचं?"

मी सगळे सांगितले, जिन्यापासून. मुकादमाचे घरही सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, "आन् तुमी आत हुता?"

"होय."

"तिन्ही राती?"

"होय."

त्या नोटांना त्यांनी हात लावला नाही. मग म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या वाण्याचं साडेपाच हाईत. रोज पोरगं दारात पाठवतोय. जाता जाता त्येला देऊन टाका."

मी नोटा उचलल्या. वाण्याला साडेपाच रुपये दिले, त्याच्या वहीतली त्यांच्या नावावरची ओळ माझ्यासमोर खोडून घेतली, आणि उरलेले पन्नास पैसे परत जाऊन उंबऱ्यावर, त्यांच्या हातात दिले.