खैरुद्दीनचं शेवटचं भाकीत

ते भांडण हलिमाने फोनवर ऐकलं, त्याला दहा वर्षं झाली. "चाचा, आम्ही तळाला जाणार असं बोललातच का?" एका हॉकी संघाचा कप्तान ओरडत होता, आणि तिचा नवरा खैरुद्दीन थंडपणे म्हणत होता, "तू विचारलंस म्हणून, हबीबी." तो संघ तळालाच गेला.

खैरुद्दीन रत्नागिरीचा. बर्फ त्याला मासळीच्या पेटीपुरता ठाऊक. पण दुबईत तो बर्फावर हॉकी खेळणाऱ्या पगारी खेळाडूंच्या बुटांच्या पात्यांना धार लावायचा. सामना कधी धड पाहिला नाही, तरी पुढच्या हंगामात कोण वर नि कोण खाली, हे अचूक सांगायचा. कसं, ते बायकोलाही सांगेना.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती अजमानच्या घरून बसने थेट त्याच्या धार लावायच्या खोलीत हजर झाली. यंदा जिंकलेल्या 'ससाणे' नावाच्या संघाला त्याने पुढच्या हंगामासाठी शेवटचा नंबर दिला होता, आणि सगळे त्याला हसत होते.

"आता तरी सांगा की हो!"

त्याने ससाण्यांची पिशवी उघडली. बूट ओलेच कोंबलेले, पाती गंजलेली. "जिंकले आणि पुसायचं विसरले. बाबा बंदरावर सांगायचे, मासळी बघू नको, हंगाम संपल्यावर जाळं कोण धुतो ते बघ."

बोलता बोलता त्याने तीच पाती घासायला घेतली.

"अवो, अशानं तुमचं भाकीत खोटं पडेल ना!"

"दरवर्षी घासतोच की. पडलं तर पडू दे. अर्धं काम ठेवून जाऊ?"

सगळे जोड पुसून, तेल लावून त्याने फळीवर मांडले, आणि रोजच्यासारखी किल्ली पहारेकऱ्याकडे दिली.