फाटकाची कडी

आमचा कुत्रा पळून गेला, असं मी मुलीला खोटं सांगितलं. तो शेजाऱ्यांच्या कोंबड्या धरायचा, रोज भांडणं व्हायची. म्हणून ती शाळेत असताना मीच त्याला आंबागडला माझ्या मेहुण्याकडे नेऊन दिलं. रानडुकरांपासून धान राखायला त्याला कुत्रा हवाच होता.

त्या दिवसापासून मुलगी फाटकाची कडी पुन्हा पुन्हा ओढून पाहू लागली.

"काहून वो, किती डाव पाहतं?" मी विचारलं.

"त्या दिवशी माह्याच्यानं उघडी राहिली असंल, बाबा."

तरीही मी महिनाभर गप्प राहिलो. शेवटी तिच्याजवळ फाटकापाशी बसलो.

"कडी तुनं लावली होती, माय. मीच त्याले मामाकडे नेऊन देलं. तुह्याशी खोटं बोललो. मले माफ कर."