मावशीचं नवं माप

चूक भाच्याची होती, आणि तीही मायेपोटी केलेली. म्हणजे निस्तरायला दुप्पट अवघड.

मावशी शिंपीकाम करायची. डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, किरणं झाली. सात महिने दुकान भाच्यानं कसंबसं ओढलं. आता सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणत. मावशीही तेच म्हणे आणि काकांचा ढगळ शर्ट अंगात घालून दिवसभर मागच्या खोलीत बटणं लावत बसे. दुकानातल्या मोठ्या आरशावर तिनं चादर टाकली होती. कपडा कसा बसलाय ते गिऱ्हाइकांना भाच्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे, आणि तो चेहरा काही फारसा भरवशाचा नव्हता.

मावशी पुन्हा पुढच्या खोलीत यावी, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्यानं गुपचूप तिच्यासाठी निळा शर्ट शिवला. माप वहीत होतंच. शिंप्याचा माणसापेक्षा वहीवर विश्वास जास्त. जुनं पान काढून त्यानं कापड कापलं आणि छातीला गोलाई देणारे टक्स दोन्ही बाजूंना हौसेनं घातले.

मावशीनं शर्ट घातला. डावीकडचं कापड रिकाम्या पिशवीसारखं लोंबलं, आणि ऑपरेशनपासून सुजलेल्या दंडावर बाही अडकली. ती तशीच आत गेली, दार लावलं. त्या दिवशी बटणंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई कोटाचं माप द्यायला आल्या. भाचा टेप शोधत सगळे खण उपसत होता. टेप मावशीच्या गळ्यात होता. ती बाहेर आली, बाईंना जरा बसा म्हणाली आणि आरशावरची चादर ओढून काढली.

"आधी माझं लिही. नवीन पानावर. जुन्यावर खाडाखोड नको."

गिऱ्हाइकाचं सांगावं तसं ती मोठ्यानं सांगत गेली. खांदा. उजवी छाती. डावीशी येऊन ती टेप नुसताच धरून राहिली. भाच्याला धीर देता येत नव्हता; त्याला फक्त धंद्याचं बोलता येत होतं.

"आकडा सांग, मावशी."

"आकडा नाही. सपाट लिही." मग वहीत डोकावून म्हणाली, "आणि 'सपाट'ला वेलांटी लागत नाही रे. शाळेत गेला होतास ना?"

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग मावशीलाही जमलं नाही.

बाईंचं माप तिनंच घेतलं. दुपारी शर्ट उसवला, डावीकडचे टक्स काढले, डाव्या बगलेत पट्टी जोडून बाही सैल केली. आरशासमोर ती बराच वेळ उभी राहिली, डावी बाजू पुढे करून. संध्याकाळी तोच शर्ट घालून भाजी आणायला गेली. बाहीला पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका तसाच.

रात्री तुरपाई करून देतो, असं भाचा म्हणाला होता. शर्ट चारदा धुऊन झाला. टाका अजून कच्चाच आहे.