जुळ्या निवडुंगांची गच्ची

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. पण दर रविवारी मुलुंडला दामलेकाकांच्या गच्चीवर आमचं निवडुंग मंडळ जमायचं, आणि तिथे एक किस्सा संपायच्या आत दुसरा घडायचा. किती दिवस पोटात ठेवणार!

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. गच्चीभर खांबासारखे उभे निवडुंग, एकासारखा दुसरा! मंडळात शिरायची अटही तीच. दोन जुळ्या कुंड्या समोर ठेवणार, कुठलं झाड कुठलं ते सांगायचं. चुकलं की सहा महिने थांबा. मी एकदा चुकलो होतो, तरी दर रविवारी कुंड्या उचलायला जायचो. पण मला मेंबर व्हायचंच होतं. शाळा सुटल्यापासून मला कोणी कशात घेतलंच नव्हतं.

*

झाड ओळखायला खोडाच्या उभ्या धारा मोजतात. नाहूरचा सावंत एकदा गोल फिरत एकोणीसपर्यंत पोचला.

"अरे, आठ धारांचं झाड आहे ते!" काका ओरडले.

"असेल काका, पण सुरुवात कुठून केली तेच आठवेना!"

काकांनी त्याला कपड्यांचा चिमटा दिला. "हा पहिल्या धारेला लाव."

पुढच्या रविवारी सावंत एकेक धार मोजून चिमटा पुढच्या धारेला लावत होता!

*

एकदा सावंतची आई आली. दोन कुंड्यांवरून आमचं तासभर भांडण चाललेलं. म्हातारीने दोन्हींना बोट लावलं आणि झटकन काढलं.

"दोनय टोचतत मां? मगे जात एकच! आता चाय टाका."

*

काकांचा एक लाडका 'मेक्सिकन' होता. हात लावायची बंदी! एकदा तो खरचटला आणि त्यातून पांढरं दूध आलं. खऱ्या निवडुंगाला, म्हणजे कॅक्टसला, दूध नसतं. हे आपलं गावाकडचं कुंपणाचं झाड!

"वाट लागली," सावंत पुटपुटला.

काकूंनी शांतपणे विचारलं, "अहो, हे मेक्सिको पेणच्या अलीकडे की पलीकडे?"

*

माझ्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी काकूंनी मला जिन्यातच गाठलं.

"अरे, एका कुंडीवर पांढरं जाळं धरलेलं, मी ब्रशने घासून काढलं. मग कळलं, ती त्या पिलोसेरियस की काय, त्या झाडाची लोकर! त्यावरूनच ओळखतात म्हणे. आता भाताची खळ लावून वातींचा कापूस चिकटवलाय. यांना बोलू नकोस हं!"

"चिकटवलाय त्याच झाडावर ना?"

"तेच तर! दोन्ही सारखीच दिसतात रे!"

वर काकांनी नेमक्या त्याच दोन कुंड्या मांडल्या. खळीमुळे कापसावर मुंग्यांची रांग लागली होती. काकू दारात तोंडाला पदर लावून उभ्या.

"बोल, यातला पिलोसेरियस कुठला?"

मी डोळे मिटून कापसाकडे बोट केलं.

"शाब्बास!" काकांनी पाठ थोपटली. "याला म्हणतात निरीक्षण! सावंत, शीक काहीतरी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मेंबर झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काका ऑफिसला गेल्यावर, मी डिंकाची बाटली घेऊन परत गच्चीवर गेलो.